पक्ष अनेक, राष्ट्र एक

पक्षांची भाऊगर्दी आणि त्यांची भांडणे पाहून सुशिक्षित घरांतूनही उद्गार निघतो, 'देशात एकच पक्ष असता तर बरे झाले असते!' त्यामागील उद्वेग समजण्याजोगा आहे. उपाय मात्र घातक आहे.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी लादली गेली, तेव्हा कायद्याने इतर पक्ष संपलेले नव्हते. तरीही विरोधी नेते कारागृहात गेले, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, ४ जुलैला संघावर बंदी आली. काँग्रेस अध्यक्ष देवकांत बरुआ यांनी तर इंदिरा म्हणजेच भारत, असे समीकरण मांडले. पक्ष आणि राष्ट्र यांतील अंतर पुसले गेले, की विरोध हाच देशद्रोह ठरतो.

१९७७ मध्ये मतपेटीतून सत्तांतर घडले, ते मतदारांपुढे दुसरा पर्याय होता म्हणून. जनता पक्ष १९७९ मध्ये फुटला, हे खरे. परंतु त्या कलहाचा निवाडा १९८० मध्ये मतदारांनीच केला, तुरुंगाने नव्हे.

राष्ट्र हे साध्य, पक्ष हे साधन. सत्ता आपल्या विचारांच्या हाती असतानाही हे भान राखणे, हीच आणीबाणीविरोधी लढ्याशी खरी निष्ठा होय.