हॅलो, माईक टेस्टिंग

आमच्या रामटेकात गाण्याचा कोणताही कार्यक्रम बरोबर सात वाजता असतो. म्हणजे पत्रिकेत असतो. प्रत्यक्ष सात वाजता स्टेजवर एक लाल सतरंजी, प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आणि एक कुत्रा एवढेच कलावंत हजर असतात. साडेसातला कुत्रा जातो आणि साऊंडवाला येतो. मग 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री' हे मंगलाचरण सुरू होते. हा गृहस्थ तीनच्या पुढे गेलेला आम्ही आजवर ऐकला नाही. आमचा जन्म बँकेच्या काउंटरमागे नोटा मोजण्यात गेला, त्यामुळे तीनवर येऊन परत एकवर जाणाऱ्या माणसाविषयी आमच्या मनात मुळातच अविश्वास आहे.

आता तुम्ही म्हणाल, चार घटका मजा, तिला एवढं काय मनावर घ्यायचं? घेतलं नसतं. पण आमच्या गावात पाच जणांचा एक ऑर्केस्ट्रा आहे आणि त्याच्या हिशेबाची वही आमच्याकडे आहे. आम्हाला सा आणि रे यांतला फरक कळत नाही. पण आम्ही बी.कॉम. आहोत, जमा आणि नावे यांतला कळतो, तेवढ्या भांडवलावर ही खजिनदारी आमच्या गळ्यात पडली. एक कीबोर्डवाले मास्तर, एक बेंजोवाला, एक ढोलकवाला (दिवसा सायकली दुरुस्त करतो), ऑक्टोपॅड बडवणारा एक पोरगा आणि गाणाऱ्या एक ताई. निवेदक धरला तर सहा. पण निवेदकाला वाजवता काही येत नाही, म्हणून आम्ही त्याला खर्चाच्या बाजूला धरतो.

तर गेल्या गणपतीत एका मंडळाने यांना आठ हजारांत ठरवले. मंडळाचे नाव सांगत नाही. गावात राहायचे आहे. सात वाजता कार्यक्रम. साडेसातला वन टू थ्री. आठला पाहुणे. मग दीपप्रज्वलन. समई पेटेना, कारण पाहुण्यांसाठी लावलेला टेबलफॅन समईवरच रोखलेला. पंखा बंद करावा हे सुचायला सहा काड्या गेल्या. नंतर अकरा जणांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. त्यात दोघे गैरहजर होते, त्यांचा सत्कार त्यांच्या मेव्हण्यांनी स्वीकारला. अध्यक्षांनी 'मी आपला फार वेळ घेणार नाही' असे सांगून वीस मिनिटे घेतली. मग आमचा निवेदक उठला. त्याने पाचही कलावंतांची, त्यांच्या गुरूंची आणि साऊंडवाल्याच्या दुकानाची ओळख करून दिली. आता तरी गाणे होईल म्हणून मंडळी सावरून बसली, तर बेंजोवाल्याने तारा पिळायला घेतल्या. आठ पन्नासला पहिले गाणे लागले. ते कुणी कधी न ऐकलेले, संथ, आधी लांबलचक आलाप असलेले असे भक्तिगीत. आलापाच्या निम्म्यावर बायका पोरांना घेऊन गुपचूपवाल्याच्या गाडीकडे गेल्या. मागोमाग त्यांचे नवरे पैसे द्यायला गेले. आमच्या रांगेत आम्ही आणि एक आजोबा उरलो. आजोबा झोपले होते.

साडेनऊला ऑर्केस्ट्रा तापला. पावणेदहाला ढोलकवाल्याचा हात असा काही सुटला की गुपचूपवालाच गाडी सोडून मांडवात आला! माणसे परतू लागली. ताईंनी त्यांचे राखून ठेवलेले गाणे नुकतेच उचलले होते, आणि दहाला हवालदारसाहेब स्टेजच्या पायरीशी येऊन उभे राहिले. त्यांचे काही चुकले नाही. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सरकारला वर्षाकाठी फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, आणि तो दिवस त्या पंधरांत नव्हता. ताईंचे गाणे पहिल्या कडव्यावर मिटले.

पैसे घ्यायला आम्ही गेलो. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "भाऊ, ठरले होते आठ, ते कबूल. पण तुमच्या पोट्ट्यांनी वाजवलं किती? एक तास दहा मिनिटं. हे घ्या पाच. अन् पुढच्या वर्षी आम्ही डीजेच लावून राहिलो. त्याचं कसं आहे, तो आल्याबरोबर सुरू होते."

तीन हजारांचे आम्हाला वाईट वाटलेच, पण या शेवटच्या वाक्याने रात्रभर झोप लागली नाही. कारण ते खरे होते. डीजे आल्याबरोबर सुरू होतो. त्याला छाती फोडणारा आवाज आहे, चव नाही, ताल नाही, गावातल्या कुणाच्या हाताला त्यातून काम नाही. पण बटण दाबले की तो सुरू होतो. आणि आमचे पाच जण, ज्यांनी वर्षभर दर रविवारी दुपारी घामाच्या धारांत तालीम केली, ते आधी तासाहून जास्त वेळ क्षमा मागत बसतात. असे आणखी दोन गणपती गेले तर ढोलकवाला सायकलीच दुरुस्त करीत राहील.

सत्कारांचा दोष मंडळाचा, हे मान्य. पण लोक खुर्चीवर बसल्यानंतर तारा पिळणे आणि झोपाळू गाण्याने सुरुवात करणे, हा गुन्हा आमच्याच लोकांचा. मास्तरांना आम्ही तसे स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, "असं कसं जी? आधी देवाचं गाणं लागतेच. आपली परंपरा आहे ते."

ही परंपरा हा शब्द फार धोक्याचा आहे. बँकेतही एखादे रजिस्टर का ठेवायचे हे कुणाला सांगता आले नाही, की परंपरा निघते. म्हणून आम्ही जरा परंपरेचेच पासबुक उघडून पाहिले.

तमाशा पाहा. तिथे देव आहेच. गणाशिवाय तमाशा उभा राहत नाही. पण गणाच्याही आधी ढोलकीवाला आणि हलगीवाला पुढे येऊन जो कडकडाट करतात, तो कशासाठी? दोन शेतांपलीकडचा माणूस हातातले जेवण टाकून धावत यावा म्हणून. माणसे जमली, की मग गणपती. देवालाही रिकाम्या मैदानावर बोलावू नये, एवढी रीत त्यांना कळत होती. आपल्या विदर्भातली खडी गंमत तर नावातच सांगते की आम्ही बसत नाही. उभ्याने सुरुवात, उभ्यानेच खेळ. सतरंजीवर मांडी घालून तारा पिळण्याची तिथे सोयच नाही. तुकडोजी महाराजांकडे (१९०९ ते १९६८) काय होते? एक खंजिरी. तिला ना प्लग, ना स्टँड. हात पडला की भजन सुरू, आणि समोर हजारो माणसे. वारकऱ्यांचे भजन जरूर संथ उघडते. नामाचा गजर, मग रूपाचा अभंग. पण तिथे पहिल्या क्षणापासून टाळ श्रोत्यांच्याच हातात असतात. टाळ हातात असलेला माणूस गुपचूप खायला जाऊ शकत नाही. हे फार मोठे तंत्र आहे, आणि ते पाळायचे तर आमच्या मास्तरांना दोनशे टाळ विकत घ्यावे लागतील. वहीत तेवढी शिल्लक नाही.

आणखी मागे जाऊ. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पाचव्या अध्यायात पूर्वरंग आहे, म्हणजे खेळाआधीची सगळी तयारी. वाद्ये आणून मांडणे, गाणाऱ्यांनी जागेवर बसणे, वाद्ये जुळवणे, तारा छेडून पाहणे अशी नऊ कामे मुनींनी मोजून दिली आहेत, आणि ती पडद्याआड करायची असे बजावले आहे. पडद्याआड! म्हणजे आमचा बेंजोवाला जे पब्लिकसमोर करतो, ते लोकांना दाखवायचे नसते हे या देशात तेव्हाच ठरून गेले होते. मुनी पुढे असेही म्हणतात की या आरंभीच्या गाण्या-नाचण्याचा अतिरेक करू नये, त्याने करणारेही थकतात आणि पाहणारेही. त्यांच्याही गावात एखादे मंडळ असले पाहिजे.

मास्तर म्हणाले, "संस्कृतातलं आपल्याले काय कामाचं?" हे त्यांनी म्हणावे, तेही रामटेकात! ज्या डोंगराकडे पाठ करून ते बोलत होते, त्याच डोंगराला मेघदूतातला रामगिरी ठरवण्यासाठी वा. वि. मिराशींनी लेखणी झिजवली. वर कालिदासाचे स्मारक, गावात १९९७ पासून कालिदासाच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ. आणि हा कालिदास सुरुवात कशी करतो? शाकुंतलात नांदी म्हणजे एक श्लोक. देवाचे झाले. मग थोडक्या बोलण्यानंतर सूत्रधार नटीला म्हणतो, उन्हाळा नुकता लागलाय, त्यावर काही गा. ती एकच छोटे गाणे गाते, आणि सगळे प्रेक्षक चित्रात काढल्यासारखे स्तब्ध. सूत्रधार तर इतका गुंगतो की आज नाटक कोणते लावायचे हेच विसरतो. ती आठवण करून देते. तो म्हणतो, बाई, तुझ्या गाण्याने मला ओढून नेले, जसे त्या हरणाने दुष्यंताला. आणि दुष्यंत रथासकट हजर! सत्कार नाही, अध्यक्ष नाही. निवेदकाची बडबडसुद्धा थोडकीच, आणि गाण्यानंतरची तर पुढच्या प्रवेशाला जोडून दिलेली. मेघदूतात तर नायकाचे नावही सांगितलेले नाही. कोणी एक यक्ष, बस्स. आमच्या निवेदकाच्या हाती मेघदूत पडले असते, तर यक्षाच्या मामांपर्यंत ओळख झाली असती आणि मेघ कंटाळून निघून गेला असता.

कुणी म्हणेल, मोठे गवई नाही का बैठकीत समोर तंबोरे लावत आणि अर्धा तास विलंबितात फिरत? फिरतात. पण ते खाते वेगळे आहे. तिथला श्रोता मुदत ठेव घेऊन आलेला असतो. मंडळाच्या मांडवातला श्रोता चालता चालता डोकावलेला, चप्पलही न काढलेला. आणि मोठ्यांचीही गंमत होते. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशसाठी कार्यक्रम झाला. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्ये जुळवली, तर गोऱ्या पब्लिकने टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर हसून म्हणाले, जुळवणे एवढे आवडले तर वाजवणे अधिक आवडेल अशी आशा आहे. आमच्याकडे ही सोय नाही. आमचे पब्लिक जुळवणे झाल्यावर टाळ्या वाजवत नाही, डास मारते.

आमचा आपला बँकेचा हिशेब असा. कलावंत स्टेजवर येतो तेव्हा लोकांनी त्याच्या खात्यात थोडीशी उत्सुकता आधीच जमा केलेली असते. ती ओपनिंग बॅलन्स. पाच मिनिटांची. तिच्यातून शाल, नारळ, वन टू थ्री, तारा यांचे पैसे काढत गेलात, तर गाणे सुरू होण्याआधी खाते ओव्हरड्राफ्टमध्ये. मग ताईंनी कितीही सुरेल गायले तरी ते आधी व्याजात जमा होते.

म्हणून आम्ही मास्तरांना सांगितले, माईक पाच वाजता तपासा, खुर्च्या लागत असताना. बेंजो शेजारच्या घरी ओसरीवर जुळवून आणा. पहिले गाणे लोकांना चार ठोक्यांत ओळखू येणारे, चार मिनिटांचे, पाचही जणांनी एकदम वाजवायचे. सगळ्यात चांगले गाणे मात्र पहिले नको. पहिले गाणे साऊंडवाल्याचे असते. त्यात तो कुणाचा आवाज किती ठेवायचा ते शोधतो, म्हणून त्यात सगळी वाद्ये हवीत आणि थोडेफार बिघडले तरी चालेल असे ते दणकट हवे. ताईंचे गाणे दुसरे. मध्ये बोलणे नाही. देवाचे तिसरे घ्या. तोवर देवालाही बसायला गर्दी मिळेल. निवेदकाने त्यानंतर उठावे, आणि उठलेच पाहिजे असेही नाही.

या मुद्द्यावर निवेदकाने आमच्याशी बोलणे बंद केले. तो बोलणे बंद करू शकतो, हा शोध सर्वांनाच नवा होता.

कोजागिरीला एका आळीत प्रयोग झाला. आठला दूध आटवायला ठेवले होते. पाहुणे यायचे होते, समई पेटायची होती. ढोलकवाला कुणाला न विचारता एकटाच उठला आणि उभ्याने वाजवू लागला. गळ्यात पट्टा, पायात स्लिपर. दोन मिनिटांत गच्च्यांवर डोकी दिसू लागली. मग ऑक्टोपॅड, मग बेंजो (एक तार जरा बेसूरच होती, ओसरीवरच्या आजींनी घाई केली म्हणे), मग मास्तर. पाहुणे आले तेव्हा दुसरे गाणे ऐन रंगात होते आणि त्यांच्यासाठी राखलेल्या खुर्चीवर एक पोरगी उभी राहून नाचत होती. पाहुणे बिचारे सतरंजीवर बसले. सत्कार राहूनच गेला. नारळ दुसऱ्या दिवशी चटणीला लागला, असे ऐकतो. दूध मात्र लागले, कारण ढवळणारी बाईही ऐकायला आली होती. ते करपट दूध आम्ही दोन ग्लास प्यालो.

मास्तरांना मात्र अजून पटलेले नाही. ते म्हणतात, "जमलं जी त्या दिवशी, पण देवाचं गाणं तिसरं झालं, हे काही बरोबर नाही." पुढच्या रविवारच्या तालमीत हा वाद पुन्हा निघणार आहे. आणि गणपतीच्या मंडळाकडचे तीन हजार आम्ही अजून 'येणे' या सदरात धरले आहेत. सेक्रेटरी बँकेत येतात तेव्हा आमचा काउंटर टाळून पलीकडच्या रांगेत उभे राहतात. पण तिथला साहेब चहाला गेलेला असला, की त्यांना यावे लागते आमच्याकडेच.