सायकलची रिम : स्वस्त कोणती, महाग कोणती

घरांतील एखादा तरुण शर्यतीच्या सायकलचीं चाकें स्वतः बांधावयाचीं म्हणूं लागला, आणि त्यासाठीं कार्बनच्या दोन रिमा मागवावयाच्या म्हणून वीस-पंचवीस हजारांचा आंकडा सांगूं लागला, कीं वडील मंडळींच्या कपाळावर आठी पडते. ‘चाकाला एवढे पैसे?’ हा प्रश्न रास्तच आहे. पण त्यावर नुसतें ‘नको’ म्हणून भागत नाहीं. कारण मुलगा मग त्याहून स्वस्त रिम हुडकूं लागतो, आणि खरा धोका तेथें असतो. सबब या खेपेस वाचकांपुढें हाच विषय ठेवीत आहों.

चाकाच्या तीन अंगांस संस्कृतांत नाभि, अर आणि नेमि अशीं नांवें आहेत. ज्याच्या चाकाची नेमि अभंग आहे तो ‘अरिष्टनेमि’, हें वेदांतील विशेषण. घाट उतरणाऱ्यास याहून उपयुक्त विशेषण आम्हांस तरी ठाऊक नाहीं. बैलगाडीच्या चाकांत भार खालच्या लांकडी आऱ्यांवर दाबून पडतो. सायकलचा स्पोक म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची तार. ती दाबली तर वांकेल. म्हणून ती आधींच ताणून बसवितात. मागील चाकांत एकेका स्पोकवर शंभर-सवाशे किलोंपर्यंत ताण असतो, आणि माणूस वर बसला म्हणजे जमिनीजवळच्या स्पोकांचा ताण थोडा उतरतो, इतकेंच. हा सर्व ताण चोहोंकडून सोसावयाचा तो रिमनें. ॲल्युमिनियमची रिम खड्ड्यांत आपटली तर वांकते आणि आऊट काढून बहुधा पुन्हां कामाला येते. कार्बनची रिम वांकत नाहीं. ती टिकते किंवा तडकते. तडकलेल्या रिमचा आऊट कोणी काढूं शकत नाहीं.

मग कार्बन घ्यावयाचा कशाला? हलका म्हणून, असें उत्तर येतें, पण तें अर्धेंच खरें आहे. ॲल्युमिनियमची बरी रिम साडेचारशे ते पांचशे ग्रॅम भरते. कार्बनची ४५-५० मिलिमीटर खोल रिमही जवळजवळ तितकीच भरते. लाभ असा कीं तेवढ्याच वजनांत रिम खोल करितां येते, आणि खोल रिमला वाऱ्याचा अडथळा कमी होतो. ताशीं ३५ किलोमीटर वेगानें जाणाऱ्यास तो फरक कळेल; दूध आणावयास जाणाऱ्यास कळणार नाहीं. उलट आडवा वारा सुटला कीं खोल रिमचें पुढचें चाक हाताला ओढ देऊं लागतें. आमच्याकडील घाटांसाठीं ३५-४० मिलिमीटरांपलीकडे जाऊं नये, हें बरें.

आतां मुख्य प्रश्न : सायकलला ब्रेक कोणता आहे? रिमवरच रबर दाबणारा ब्रेक असेल, तर स्वस्त कार्बन रिम मुळींच घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. कार्बनचे धागे राळेनें एकत्र धरलेले असतात. सिंहगडासारखा उतार सतत ब्रेक दाबून उतरतांना होणारी उष्णता त्याच जागीं सांठते. कार्बन ती ॲल्युमिनियमप्रमाणें चटकन पसरूं देत नाहीं. राळ हलक्या प्रतीची असली तर नरम पडते, आणि आंतील हवेच्या दाबानें रिमचा काठ बाहेर फुगूं लागतो. पावसांत अशा रिमवर ब्रेकही उशिरां लागतो. चांगले कारखाने उष्णता सोसणारी राळ वापरतात, पण त्याचेच पैसे पडतात. अशा सायकलस्वारानें ॲल्युमिनियमची रिम घेऊन उरलेले पैसे चांगल्या टायरवर खर्च करावे. डिस्क ब्रेक असेल तर ही सगळी उष्णता पोलादी चकतींत जाते, आणि रिमला केवळ भार व ताण सोसावयाचा उरतो. रस्त्यावरील शर्यतींत २०१८ पासून डिस्क ब्रेकला पूर्ण मुभा मिळाली. स्वस्त कार्बन रिमचा विचार करितां येतो तो या सायकलींसाठींच.

तरीही एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. रिमच्या काठास आंतून एक ओठ असतो. त्यांत टायरची कड अडकते. त्यास हूक म्हणतात. अलीकडे हूक नसलेल्या रिमा पुष्कळ निघाल्या आहेत. त्यांचा सांचा सोपा, म्हणून त्या बनवावयास स्वस्त. त्यांत हवा ५ बार, म्हणजे दर चौरस इंचास ७२.५ पौंडांपेक्षां अधिक भरावयाची नाहीं, आणि अशा रिमवर चालेल असें कारखान्यानें लिहून दिलेलाच टायर घालावयाचा, असा दंडक आहे. आमच्याकडे पंचवीस मिलिमीटरचा टायर आणि शंभर पौंड हवा ही संवय मुरलेली. ती आणि ही रिम एकत्र नांदणार नाहींत. फेब्रुवारी २०२४ मध्यें अरब अमिरातींतील शर्यतींत बेल्जियमचा थॉमस द गेंट पडला, तेव्हां हूक नसलेल्या रिमवरून त्याचा टायर निघाला होता. कारणाविषयीं वाद झाला. पण काटकसर करणाऱ्यानें हूक असलेली, आंतून २१ मिलिमीटरांच्या आसपास रुंद रिम मागावी आणि वादांत पडूं नये.

विकणारे लोक ‘टी-७००’, ‘टी-८००’ असे आंकडे मोठ्या अक्षरांत लिहितात. हीं जपानच्या तोरे कंपनीच्या धाग्यांचीं नांवें आहेत. धागा उत्तम असूनही थर वांकडे बसले तर रिम कच्ची राहते. सूत चांगलें म्हणून लुगडें चांगलें विणलें असें होत नाहीं. चीनच्या फूच्येन प्रांतांतील श्यामेन शहरीं रिमा बनविणारे कारखाने आहेत, आणि कांहीं स्वतःच्या नांवानें थेट गिऱ्हाइकास माल देतात. चिनी म्हणून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. जो कारखाना कमाल ताण, कमाल हवा, स्वाराचें कमाल वजन आणि वजनांतील कमीअधिक फरक छापून देतो, आणि पडून फुटल्यास सवलतीनें दुसरी रिम देतो, त्याची साधी बिनरंगाची रिम घ्यावी. प्रसिद्ध नांवाची चिठ्ठी चिकटवून निम्म्या किंमतींत मिळणारी रिम मात्र फुकट मिळाली तरी परत करावी. किंमतींत आयातीची जकात व टपालखर्च धरावयास विसरूं नये.

रिम हातीं आली म्हणजे पूर्वीं वर्गांत ‘याचा उपयोग काय?’ म्हणून ज्या त्रिकोणमितीची टवाळी होई, ती उपयोगी पडते. स्पोकचीं टोकें निपलमध्यें जेथें संपतात त्या वर्तुळाचा व्यास आधीं मोजावा. छापील आंकड्यावर विसंबूं नये. व्यासांत चार मिलिमीटर चूक म्हणजे स्पोकांत दोन मिलिमीटर चूक, आणि सगळे स्पोक वायां. दोन जुने स्पोक नेमके २०० मिलिमीटर कापून समोरासमोरच्या भोंकांत निपलसह घालावे, ताणून मधलें अंतर मोजावें आणि त्यांत ४०० मिळवावे. समजा व्यास ५४० आला, त्रिज्या २७०. हबवरील भोंकांच्या वर्तुळाची त्रिज्या २२, चाकाच्या मध्यापासून त्याचें अंतर २०. स्पोक २४, म्हणजे एका बाजूस १२. दोन भोंकांत ३० अंशांचें अंतर. प्रत्येक स्पोक दोघांना ओलांडतो, म्हणून कोन ६० अंश, आणि त्याची कोज्या अर्धी. तिन्ही संख्यांच्या वर्गांची बेरीज ७३,७८४. त्यांतून २७० गुणिलें २२, म्हणजे ५,९४० वजा केले कीं उरले ६७,८४४. वर्गमूळ सुमारें २६०.५, त्यांतून हबच्या भोंकाचा अर्धा व्यास १.३ वजा जातां स्पोक २५९ मिलिमीटरचा. मागील चाकाच्या दोन्ही बाजूंस अंतरें निराळीं असतात, म्हणून तेथें गणित दोनदां करावें लागतें.

निपल पितळी घ्यावे. ॲल्युमिनियमचे थोडे हलके असतात खरे, परंतु कार्बनशीं लागून ओलाव्यांत ते कुजतात; मुंबईच्या आणि कोंकणच्या खाऱ्या हवेंत तर लौकरच. हब जुना पण सुस्थितींत असेल, आणि त्याचीं भोंकें रिमशीं जुळत असतील, तर तोच वापरावा. स्वतः चाक बांधण्यांत खरी बचत होते ती येथें. बांधण्यापूर्वीं रिमचा आंतील भाग उजेडांत धरून सुरकुती अगर पोकळ फोड आहे का पाहावें, आणि सबंध काठावर नाणें वाजवीत जावें. एखाद्या जागीं आवाज बद्द आला तर बोटानें ती जागा दाबून पाहावी, छायाचित्र काढावें आणि रिम त्याच दिवशीं परत पाठवावी. टायर एकदां चढविला म्हणजे विकणारा आपलें ऐकेलच असें नाहीं.