जुने लाकूड, उक्ता सौदा आणि आपण



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणे, खोडव्याची निगा, पाचट आणि माती परीक्षण यांविषयी लिहितो. यावेळचा विषय जरा आडवाटेचा आहे. शेती खात्याने लाकडाच्या वखारीत कशाला शिरावे, असे कोणी म्हणेल. पण उसाच्या नोंदीसाठी आम्ही आणि आमचे चिटबॉय गावोगाव फिरतो, सभासदांच्या सोप्यात बसून चहा घेतो, आणि जे डोळ्यांनी दिसते ते सांगणे आमचे काम आहे असे आम्ही समजतो. गेली काही वर्षे दिसते ते असे, की जुनी घरे आणि वाडे पडताहेत, त्यांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहताहेत, आणि आज्या-पणज्याने घातलेले सागवान मातीमोलाने गावाबाहेर चालले आहे.

जुने घर पाडू नका, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या भाराने हजारो माणसे गाडली गेली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. घर पक्के हवे, पोरांना वेगळी खोली हवी, आत संडास-न्हाणी हवी, हे सगळे रास्तच आहे. आमचा प्रश्न एवढाच, की घर पाडताना त्यातून जे निघते त्याचा भाव कोण ठरवतो? तुम्ही, की दारात आलेला व्यापारी?

हा सौदा कसा होतो ते बहुतेकांना ठाऊक आहे. घर बांधायला काढायचे म्हणजे पैशाची ओढ असतेच. गवंड्याला विसार द्यायचा असतो, सिमेंट-सळई आणायची असते. अशा वेळी व्यापारी येतो. घरातून एक फेरी मारतो, खांबावर हात थापटतो, वर बघून मान हलवतो आणि म्हणतो, “समदं किडलंय, पाव्हणं. पर तुमच्याकडं बघून उक्तं घेतो. पाडून न्यायची जबाबदारी आमची.” ‘पाडून नेतो’ हे शब्द ऐकले की घरधन्याला बरे वाटते. मजुरी वाचली, कटकट गेली. आठ दिवसांत लाकूड, लोखंड, कौले, कोरीव चौकट, कधी खांबाखालचे घडीव तळखडेसुद्धा गाडीत जातात. मागे राहतो तो मातीचा ढीग, आणि तो उचलायचा खर्च पुन्हा घरधन्याचाच.

आमच्या पाहण्यातील एका सभासदाचे दुमजली घर असेच गेले. आठ-दहा महिन्यांनी नव्या घराला दाराची चौकट हवी म्हणून ते शहरात गेले, तर जुन्या सागाच्या एका चौकटीला जो भाव सांगितला, तो ऐकून मुकाट्याने परतले. त्यांच्या घरात अशा चौकटी सहा होत्या.

आता थोडा हिशेब करू. चौरस लाकडाचे घनफूट काढणे अवघड नाही. लांबी फुटांत घ्या, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागा. नऊ फूट उंचीचा, आठ बाय आठ इंची खांब म्हणजे चार घनफूट. बारा फूट लांबीची, आठ बाय सहा इंची तुळई म्हणजेही चारच घनफूट. बेताच्या घरात असे बारा खांब आणि दहा तुळया धरल्या तर अठ्ठ्याऐंशी घनफूट झाले. वाळलेले सागवान घनफुटाला साधारण अठरा किलो भरते. म्हणजे खांब-तुळयांचेच वजन दीड टनाच्या वर गेले. कडीपाटाच्या कड्या, फळ्या, वासे, जिना, दारे-खिडक्या आणखी निराळ्या. उसाची एक बैलगाडी भरावी एवढे सागवान आपण एका नजरेच्या अंदाजावर देऊन टाकतो.

गोल लाकूड असेल तर व्यापारात गोलाईचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. चार फूट गोलाईचा दहा फुटी सोट या हिशेबाने दहा घनफूट होतो. खरे आकारमान पावणेतेरा घनफुटांच्या आसपास असते. म्हणजे या मापात पाचवा हिस्सा आधीच सुटतो. गोल सोटाला ही रीत पूर्वापार चालत आली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण चौरस तुळईला कोणी दोरी गुंडाळून असेच माप लावू लागला, तर त्याला तिथेच थांबवावे.

सभासदहो, उसाच्या बाबतीत आपण असे कधी खपवून घेतो का? वजनकाट्यावर दहा किलोचा फरक वाटला तरी आपण शेतकी ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटता, आणि तो तुमचा हक्कच आहे. प्रवरेच्या काठी १९५० साली पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो कशासाठी? शेतकऱ्याच्या मालाचा भाव दुसऱ्याने नजरेने ठरवू नये, माल मोजून जावा आणि त्याचे मोल पिकवणाऱ्याच्या घरी यावे, यासाठीच ना? मग जो ऊस बारा-चौदा महिन्यांत येतो तो किलोवर मोजायचा आणि जो साग पुरा व्हायला साठ ते ऐंशी वर्षे लागतात तो उक्ता द्यायचा, हा कुठला न्याय?

शिवाय हा माल पुन्हा मिळण्यातला नाही. पूर्वी घरात घातलेले लाकूड जुन्या जंगलातले, भरल्या गाभ्याचे. घरात ते पन्नास-शंभर वर्षे वाळले आहे. आता ते सहसा वाकत नाही, पिळत नाही. कमी वर्षांत तोडलेल्या लागवडीच्या सागात पांढरे लाकूड जास्त आणि गाभा कमी असतो, आणि भुंगा लागतो तो आधी त्या पांढऱ्यालाच. ब्रह्मदेशानेही एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. मुंबईतल्या जुन्या चाळी-गिरण्या पाडताना निघालेल्या ब्रह्मी सागालाही गिऱ्हाईक मिळाले. मुंबईत जोगेश्वरीजवळ ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरचा मोठा बाजार आहे; तिथे खेड्यातली दारे, झोपाळे आणि खांबही विकायला उभे असतात. म्हणजे मालाला गिऱ्हाईक आहे, पण गिऱ्हाइकापर्यंतची वाट आपल्या हातात नाही.

आमचे मत असे, की पाच-सहा गावांमिळून आपल्याच पोरांनी जुन्या लाकडाची वखार काढावी. दोघे-तिघे होतकरू तरुण, एक जाणता सुतार, रस्त्यालगतची चार-पाच गुंठे जागा आणि वर पत्रा, एवढ्यावर सुरुवात होते. कारखान्याचा पट्टा पडला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या रिकाम्या उभ्या राहतात. घरे उतरायची तीही चैत्र-वैशाखातच. वाहतुकीची सोय अशी आपसूक जुळते.

काम मात्र शिस्तीने झाले पाहिजे. घर पाडायचे नसते, उतरवायचे असते. आधी कौले किंवा वरची माती, मग वासे, मग कड्या-फळ्या, मग तुळया आणि शेवटी खांब. घर ज्या क्रमाने चढले त्याच्या उलट क्रमाने ते उतरले पाहिजे. जेसीबी लावला की एका दिवसात काम होते खरे, पण तुळई मधोमध मोडते आणि बारा फुटी मालाचे दोन तुकडे होतात. लांबी गेली की भाव गेला. भिंतीला टेकू दिल्याशिवाय तुळईला हात लावू नये, खाली कोणी उभे राहू नये. मजुराच्या जिवापेक्षा कुठलेही लाकूड महाग नाही.

लाकूड उतरले की खिळे काढावेत. जुने घडीव खिळे आत मोडून राहतात आणि करवतीचे पाते एका खिळ्यात बाद होते. म्हणून गिरणीवाले जुन्या लाकडाला नाक मुरडतात. लोहचुंबक फिरवून एकेक नग तपासावा. मग निवड करावी. ठोकून पाहावे, भरीव आवाज आला तर गाभा शाबूत, पोकळ आला तर आत वाळवी किंवा भुंगा. खांबाचे बूड आणि भिंतीत गेलेले तुळईचे टोक हमखास खराब निघते. तेवढे कापून टाकावे, पण त्यासाठी सबंध नग किडका ठरवू नये. थप्पी लावताना खाली दगड, दोन थरांत पट्ट्या आणि वर सावली हवी. जुन्या दारांचा तेली रंग खरवडताना तोंडाला फडके बांधावे आणि पोरांना लांब ठेवावे. त्या रंगांत शिसे असते. कोरीव दार, महिरप, हस्त, जाळीची खिडकी यांना मात्र करवत लावू नये. ज्याची त्याची जागी मोजणी करून, मोबाईलवर फोटो काढून, आहे तसेच विकावे.

घरधन्याशी व्यवहार कसा ठेवावा? आमची सूचना अशी, की लाकूड त्याच्यासमोर मोजावे, नगवार यादी करावी, काही रक्कम उचल म्हणून द्यावी आणि माल विकला जाईल तसा हिशेब पुरा करावा. उचल आणि पुढचे हप्ते ही रीत आपल्याला नवी नाही. यात घरधन्याला थांबावे लागते, पण थांबल्याचे त्याला मिळते. ज्याला थांबणे जमत नाही, त्यानेही निदान मोजून विकावे.

अडचणी नाहीत असे नाही. या धंद्यात पैसा अडकून पडतो. एखादी तुळई आठ दिवसांत जाते, एखादी दोन वर्षे पडून राहते. म्हणून पहिल्याच वर्षी मोठे कर्ज काढून शेड बांधणे आम्हाला पसंत नाही. आगीची आणि चोरीची भीती असते. कायद्याचेही पाहावे लागते. सागाच्या वाहतुकीवर वनखात्याचे नियम आहेत. गाडी भरण्याआधी वनक्षेत्रपालांच्या कचेरीत विचारावे आणि लाकूड अमुक घर नंबरातून निघाल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला जवळ ठेवावा. स्वतःची करवत गिरणी टाकायला वेगळा परवाना लागतो. त्या भानगडीत सुरुवातीला न पडता परवानाधारक गिरणीवर काम करून घ्यावे. पावती, वही आणि कर यांत लपवाछपवी नको. जुन्या मालाच्या आडून रानातला चोरटा साग वखारीत शिरला, की धंदाही बुडाला आणि अब्रूही गेली.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. वाटण्या झालेल्या घरात लाकूड कोणाचे, यावरून भाऊबंदकी पेटते. चार भावांतला एक जण विकून मोकळा होतो आणि थोरल्या वहिनीला किंवा विधवा बहिणीला कोणी विचारतही नाही. नगवार यादी आणि सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या असल्या तर हे भांडण जन्मालाच येत नाही. उक्त्या सौद्यात नेमके हेच झाकून जाते.

काही जण म्हणतील, “काय करायचंय त्या जुनाट लाकडाचं? बंबात घाला.” त्यांना आमचे एवढेच सांगणे, की बंबाला चिपाड आहे, तुराट्या आहेत. आज्याने बैलगाडीतून आणलेला साग बंबात घालणे म्हणजे बेण्याचा ऊस गुरांपुढे टाकण्यासारखे आहे.

यंदा ज्यांचे घर उतरायचे आहे, त्यांनी व्यापाऱ्याला होकार देण्याआधी गावच्या सुताराला बोलवावे, टेप लावावा आणि कागदावर घनफूट मांडावेत. एवढे केले तरी सौद्याचे बोलणे बदलते. मोजणी जमत नसेल तर आमच्या गट ऑफिसात कागद घेऊन यावे. उसाचे टनेज काढणाऱ्या माणसांना घनफूट काढणे जड नाही. आणि वखार काढायची हिंमत ज्या तरुणांत असेल, त्यांनी तो विषय गटसभेत मांडावा. त्यावर साधकबाधक चर्चा व्हावी, अशी आमची विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी