‘थांबा’ म्हणणे सोपे असते

कोविडच्या साथीच्या काळात कर्करोगग्रस्त मुलांच्या उपचारांत खंड पडला, याचा फार बाऊ करू नये, असे एका विद्वानांनी नुकतेच मांडले आहे. त्यांचा युक्तिवाद असा: कर्करोग एका रात्रीत वाढत नाही, चार-सहा आठवड्यांनी आभाळ कोसळत नाही, या मुलांची प्रतिकारशक्ती आधीच क्षीण, त्यांना घरीच ठेवणे शहाणपणाचे, आणि मोठी रुग्णालये तर उघडीच होती, मग तक्रार कसली?

रुग्णालये उघडी होती, हे खरे. परळचे टाटा कर्करोग रुग्णालय आणि खारघरचे त्याचेच ॲक्ट्रेक केंद्र यांनी काम थांबवले नाही, त्याबद्दल त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे. पण 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि लोकल, एसटी, रेल्वे सगळेच बंद झाले. लोकल 15 जूनला सुरू झाली, तीही अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. नंदुरबारच्या आईने लेकराला खारघरला आणायचे कसे?

विषाणूच्या भीतीबद्दल एवढेच सांगतो: 45 देशांतल्या 1500 कर्करोगग्रस्त मुलांच्या पाहणीत कोविडने दगावलेल्यांचे प्रमाण 4 टक्क्यांच्या आत होते. धोका होताच, पण उपचार सोडण्याचा धोका त्याहून मोठा.

आता मुख्य मुद्दा, ‘थोडे थांबले तर काय बिघडते?’ सगळेच बिघडते! हे विद्वान मोठ्या माणसांच्या कर्करोगाचा हिशेब मुलांना लावत आहेत. बर्किट लिम्फोमा या लसिकापेशींच्या कर्करोगाच्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होतात. सोमवारी पोटात लागलेली गाठ पुढच्या सोमवारी तेवढीच राहत नाही. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये बाळाची बाहुली पांढरी चमकते, तो रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याचा कर्करोग, असू शकतो. वेळेवर आले तर डोळा वाचतो, उशीर झाला तर डोळा काढावा लागतो, आणखी उशिरा जीवच जातो. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-तीन वर्षे चालतात. त्यात मेंटेनन्सच्या, म्हणजे आजार उलटू नये म्हणून चालणाऱ्या उपचारांच्या, टप्प्यावर रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिनची गोळी आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट द्यायचे असते. मूल खेळते, जेवते, बरे दिसते. म्हणूनच गोळ्या संपल्या तरी पालक निर्धास्त राहतात आणि आजार उलटतो. आणि ताप! केमोनंतर काउंट पडलेल्या, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या, मुलाला ताप आला, तर पहिल्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक जायला हवे. साथीत तेच तापलेले मूल कोविडच्या तपासणीच्या रांगेत उभे राहिले, अहवालाची वाट पाहत. तिथे हरवलेले तास कोणत्या हिशेबात धरायचे?

जुनाच सूर आहे हा. पूर्वी म्हणत, मुलांचा कर्करोग दुर्मीळ, पैसा अतिसार-गोवरावर घाला. मग म्हणू लागले, खारघर दूर, तिथे कोण जाणार? युक्तिवाद बदलतो, मूल मात्र दर वेळी यादीच्या तळाशीच राहते.

मग करायचे काय? उपचार चालू असलेल्या प्रत्येक मुलाची जिल्हावार यादी रुग्णालयाकडे तयार असावी आणि टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी तिच्यावरून प्रवासाचे पास निघावेत. मेंटेनन्सच्या गोळ्या घरपोच जाव्यात. रक्ततपासणी आणि सोपी केमो जिल्हा रुग्णालयात, मुख्य केंद्राच्या सल्ल्याने व्हावी. काउंट पडलेल्या तापाच्या मुलासाठी वेगळा दरवाजा असावा. नवी मुंबई आणि पनवेल महापालिकांनी खारघरला येणाऱ्या कुटुंबांच्या राहण्याची आणि वाहनाची सोय आपत्ती आराखड्यातच लिहून ठेवावी. 2030 पर्यंत जगभरातली किमान 60 टक्के कर्करोगग्रस्त मुले वाचवण्याचे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये ठेवले. साथ आली की उपचार मागे ढकलायचे असतील, तर ते कागदावरच राहील. मुलांच्या कर्करोगात वेळ हेही औषधच आहे. त्याचा पुरवठा तोडण्याचा अधिकार कोणत्याही टाळेबंदीला नाही.