खड्ड्यात टायर गेला, पैसे कोण देणार? हायकोर्टाचा आदेश, विमा आणि तुमचा फोन

मागच्या आठवड्यात पाऊस पडून गेल्यावर ऑफिसमधून घरी येत होतो. नवी मुंबईतलाच रस्ता, रोजचाच. समोर डबकं दिसलं, वाटलं दोन इंच पाणी असेल. धाडकन आवाज आला आणि स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. बाजूला थांबून टॉर्च मारला तर टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगवटा आणि अलॉय व्हील वाकलेलं. असा फुगवटा म्हणजे टायरच्या आतले धागे तुटलेले असतात. तो दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो. बिल झालं १६ हजार रुपये: टायर ७ हजार, व्हील ९ हजार.

ग्रुपवर फोटो टाकला तर मित्राचा लगेच मेसेज, "अरे, हायकोर्टाने भरपाई द्यायला सांगितलंय ना, क्लेम कर!" हा गैरसमज बऱ्याच जणांचा आहे, म्हणून नीट बघूया.

आदेशात नक्की काय आहे?

२०१३ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि त्यातून मुंबई हायकोर्टात जनहित याचिका उभी राहिली. त्याच प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाने आदेश दिला. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमी झाल्यास दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये. महापालिका हद्दीत रक्कम ठरवणाऱ्या समितीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. शिवाय, खड्डा लक्षात आणून दिल्यापासून ४८ तासांत त्यावर काम झालं पाहिजे, असंही कोर्टाने सांगितलं.

आता परत वाचा. मृत्यू आणि दुखापत. गाडीचं नुकसान त्यात कुठेच नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेलं कलम १९८-अ बघा. निकृष्ट रस्त्यासाठी ठेकेदाराला किंवा यंत्रणेला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो, पण तोही त्या रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच. टायरसाठी दिवाणी दावा करता येईल, पण १६ हजारांसाठी कोर्टाच्या किती फेऱ्या मारणार? म्हणजे गाडीपुरता प्रश्न तुमचा आणि तुमच्या विम्याचा.

क्लेम करायचा की खिशातून भरायचे?

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर एक रुपयाही मिळत नाही. ओन डॅमेज कव्हर असेल तर साध्या पॉलिसीत नियम असे: एकट्या टायरचं नुकसान धरत नाहीत. टायरसोबत गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्के मिळतात. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापतात. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १ हजार रुपये सक्तीची कपात.

माझी गाडी अडीच वर्षांची, म्हणजे धातूवर घसारा १५ टक्के. टायरचे ३,५०० आणि व्हीलचे ७,६५० मिळून ११,१५०. त्यातून १ हजार वजा, हातात १०,१५०.

वाईट नाही. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. हा बोनस दरवर्षी २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो. बहुतेक जण फक्त पुढच्या एका वर्षाचा तोटा मोजतात. मी स्प्रेडशीट उघडली. पुढच्या रिन्यूअलला मला ३५ टक्के मिळणार होते, क्लेम केला तर ०. त्यानंतर ४५ ऐवजी २०, मग ५० ऐवजी २५, ५० ऐवजी ३५, ५० ऐवजी ४५. फरकांची बेरीज १०५ टक्के! बोनस वजा करण्याआधीचा माझा ओन डॅमेज प्रीमियम १२ हजार धरला, तर पाच वर्षांत १२,६०० रुपये जातात. गाडी जुनी होते तसा प्रीमियम उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. तरी जवळपास बरोबरीच. मी क्लेम केला नाही.

झिरो डेप किंवा बोनस प्रोटेक्ट असेल तर तुमचं गणित वेगळं येईल. इंजिनखालचं ऑइल सम्प फुटलं असेल तर बिल इतकं मोठं असतं की क्लेम करायलाच हवा. मात्र ऑइलचा लाल दिवा लागला की गाडी तिथेच बंद करा. तशीच चालवून इंजिन जाम झालं तर विमा कंपनी ते नुकसान नाकारू शकते.

फोनवर पुरावा कसा ठेवायचा?

- कॅमेऱ्यात लोकेशन चालू ठेवा. फोटोच्या फाइलमध्येच वेळ आणि जागा नोंदली जाते.
- गाडी सुरक्षित जागी लावून मगच फोटो काढा: खड्डा, आजूबाजूची खूण, चाक, नंबर प्लेट.
- व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर ही माहिती गळून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि मूळ फाइल डिलीट करू नका.
- रस्ता कोणाचा ते बघा. पाम बीच रोड नवी मुंबई महापालिकेचा, सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, अटल सेतू एमएमआरडीएचा. खारघर-कामोठ्यात पनवेल महापालिका. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ नंबर किंवा राजमार्गयात्रा ॲप.
- तक्रार लेखी करा आणि तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा.

पैसे मिळणार नसतील तर तक्रार कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण ४८ तासांचं घड्याळ सुरू होतं ते कोणीतरी खड्डा लक्षात आणून दिल्यावर. मी १६ हजारांवर सुटलो, कारण मला चार चाकं होती. त्याच डबक्यात उद्या एखादा बाइकवाला पडला, तर 'आम्हाला खड्ड्याची माहितीच नव्हती' हे उत्तर माझ्या तारखेच्या तक्रारीपुढे टिकणं अवघड जाईल. मला तक्रार करायला सहा मिनिटं लागली.