अभ्यासक दाराबाहेर

माहिती तंत्रज्ञान समाज कसा घडवते आणि कसा बिघडवते, याचा शोध घेणाऱ्या विद्यापीठीय केंद्रांमध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘इंटरनेट ऑब्झर्व्हेटरी’चे नाव आदराने घेतले जात असे. २०१९ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राचा पसारा जून २०२४ मध्ये आवरता घेण्यात आला. बालसुरक्षेविषयीचे काम सुरू राहील, असे विद्यापीठाने सांगितले. मात्र निवडणुकांतील अफवांचा माग काढणारे पथक पांगले. हा प्रश्न एका केंद्रापुरता मर्यादित नाही.

फेसबुकचे माजी सुरक्षाप्रमुख अ‍ॅलेक्स स्टामोस यांच्या नेतृत्वाखालील या केंद्राची कामगिरी लहान नव्हती. कृत्रिम बुद्धिमत्तेला चित्रे शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘लायन-५बी’ या प्रचंड संचात बाललैंगिक शोषणाच्या हजाराहून अधिक प्रतिमांचे दुवे असल्याचे केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये उघड केले आणि तो संच मागे घ्यावा लागला. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत मात्र अन्य संस्थांसह खोट्या माहितीवर ठेवलेली नजर केंद्राला महागात पडली. संशोधनाच्या आडून सरकार आणि कंपन्या नागरिकांची मुस्कटदाबी करत आहेत, असा आरोप झाला. प्रतिनिधिगृहाच्या समितीने कागदपत्रे मागवली, न्यायालयात दावे दाखल झाले.

सरकारने कंपन्यांवर दबाव आणून लोकांची तोंडे बंद करावीत का, ही शंका गैरलागू नाही. परंतु २६ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच आरोपांवरील ‘मूर्ती विरुद्ध मिसुरी’ खटला सहा विरुद्ध तीन मतांनी फेटाळला. आपल्या हानीचा सरकारी दबावाशी संबंध वादींना दाखवता आला नाही, त्यामुळे दावा करण्याचा अधिकारच सिद्ध झाला नाही, असे बहुमताने म्हटले. मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला आणि तोवर केंद्राची घडी विस्कटली होती.

दुसरी अडचण याहून खोल आहे. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांचा विनामूल्य प्रवेश बंद केला. फेसबुकवर कोणता मजकूर किती पसरतो हे दाखवणारे ‘क्राउडटँगल’ हे साधन मेटा कंपनीने १४ ऑगस्ट २०२४ रोजी गुंडाळले. ज्यांचा अभ्यास करायचा, त्यांच्याच मर्जीवर अभ्यासाची सामग्री अवलंबून असेल, तर निष्कर्षांच्या स्वातंत्र्याला अर्थ उरत नाही. युरोपीय संघाने हे ओळखून डिजिटल सेवा कायद्यात पात्र संशोधकांना कंपन्यांकडील माहिती मिळवण्याची वाट करून दिली. त्याचे सविस्तर नियम ऑक्टोबर २०२५ अखेरीस लागू झाले.

भारताला, विशेषतः महाराष्ट्राला, या विषयाकडे परका म्हणून पाहता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून भिक्षुकीसाठी आलेल्या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. तिचा परिणाम ज्या आकड्यांतून समजू शकतो, ते कंपनीच्याच ताब्यात आहेत. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मोठ्या समाजमाध्यमांना मासिक अहवाल द्यावा लागतो. त्यात तक्रारी आणि कारवाई यांची संख्या असते, अफवेचा प्रवास नसतो. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संशोधनाला काही सवलत दिली; पण कंपन्यांनी माहिती खुली करावी, असे बंधन त्यात नाही.

खासगीपण जपून, स्वतंत्र देखरेखीखाली विद्यापीठांना माहिती देण्याची तरतूद करणे अशक्य नाही. अभ्यासाचा हा हक्क सरकारच्या आणि कंपन्यांच्या मर्जीपलीकडे, कायद्यात असावा लागेल. तो नसेल, तर पुढील अफवेचे कारणही बळी गेल्यानंतर पोलिसांच्या पंचनाम्यातूनच कळेल.