मशीन कशी चालली, ते वापरणाऱ्यानेच सांगावं



पाऊस ओसरला की जुन्या आंब्याच्या छाटणीसाठी फोन सुरू होतात, "मॅडम, चेनसॉ कुठली घेऊ?" खरं सांगते, याचं उत्तर माझ्यापेक्षा तुमच्यातल्याच कोणाकडे तरी जास्त चांगलं आहे.

गेल्या वर्षी तासाभराचं प्रात्यक्षिक बघून मी एका सभासदांना स्वस्तातली मशीन सुचवली. दोन महिन्यांत चेन ब्रेक निकामी झाला. सुटा भाग कुठल्याच दुकानात मिळेना, म्हणून त्यांनी तसंच काम चालू ठेवलं. बारचं टोक फांदीला लागलं आणि मशीन उलटी अंगावर उसळली. थोडक्यात वाचले. नंतर कळलं, शेजारच्या वाडीत दोघांना त्याच मशीनचा हाच अनुभव आला होता. पण तो आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

म्हणून माझं मत आहे की चेनसॉ, ग्रास कटर, फवारणी पंप यांच्या अनुभवांची नोंद कंपनीने ठेवावी आणि ती सगळ्यांना बघायला मिळावी. नुसतं "चांगली आहे" किंवा "बेकार आहे" याने भागत नाही. एवढं कळवा:

1) मॉडेल कुठलं, कधी घेतली, अंदाजे किती तास चालली
2) काय कापलं, ओलं की वाळलेलं
3) 1 लिटर पेट्रोलला टू-टी ऑइल किती मिली
4) काय बिघडलं, पार्ट किती दिवसांत आणि कितीला मिळाला
5) पुन्हा हीच घ्याल का

तिसरा प्रश्न मुद्दाम आहे. पुस्तिकेत 50:1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली. ऑइल कमी पडलं की पिस्टन जाम होतो आणि चांगल्या मशीनचं नाव खराब होतं.

काही जण म्हणतील, आपल्याच केंद्रात या मशीन विकतो, वाईट अनुभव दाखवले तर विक्री घटेल. घटू दे. कंपनी सभासदांची आहे, त्यांच्या नुकसानीवर नफा कशाला? विक्रेत्याला उत्तर द्यायची संधी द्यावी, दुरुस्ती करून दिली तर तेही लिहावं. पण नोंद पुसू नये.

हा विषय मी संचालक मंडळापुढे मांडणार आहे. तोवर अनुभव याच नंबरवर पाठवा, व्हॉइस मेसेजही चालेल. मशीन चालवणाऱ्या गड्यालाही जरूर विचारा.

आणि चेन ब्रेक चालत नसेल तर ती मशीन आजपासून बंद ठेवा.

आपली,
कृषी सल्लागार